गोव्यात कोणत्या पक्षाची सत्ता किती वर्षं? तक्ता मांडण्याआधी हे पाहा

फोंड्यात राज्यशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. १९६३ पासून गोव्यात कोणत्या पक्षाने किती वर्षं राज्य केलं, याचा तक्ता तो करतो आहे. १९७९ पर्यंतच्या ओळी सरळ उतरल्या, ऐंशीचं दशकही उतरलं, पण १९९० वर येऊन पेन अडलं. एकाच वर्षात तीन मुख्यमंत्री आणि शेवटी राष्ट्रपती राजवट, मग पक्ष कोणता लिहायचा? त्याची दुसरी अडचण २०१९ ची आहे. सरकार पडलं नाही, सार्वत्रिक निवडणूक झाली नाही, तरी जुलैतल्या एका दिवसात भाजपचे आमदार १७ वरून २७ झाले. हे कोणत्या रकान्यात बसवायचं?

पणजीतल्या एका मराठी दैनिकासाठी मी १९८४ पासून तीस वर्षं विधानसभेचं वार्तांकन केलं. आधी मांडवीकाठच्या जुन्या सचिवालयात, मग पर्वरीच्या संकुलात. तुमचं पेन अडलं ते योग्य जागी अडलं, एवढं आधी सांगतो. ज्यांचं अडत नाही त्यांचे तक्ते चुकतात.

परीक्षेपुरतं उत्तर हवं असेल तर ते असं. डिसेंबर १९६३ ते एप्रिल १९७९ महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो), मध्ये १९६६-६७ चे काही महिने वगळून. १९८० पासून २०१२ पर्यंत बहुतांश काळ काँग्रेस, पण १९९० च्या दशकात ठिगळं लावत लावत. भाजप ऑक्टोबर २००० ते फेब्रुवारी २००५ आणि मग मार्च २०१२ पासून सलग. राष्ट्रपती राजवट पाच वेळा: १९६६-६७, १९७९-८०, १९९०-९१, १९९९ आणि २००५. यात खोटं काही नाही. पण यावरून गोव्यात सत्ता कशी बदलते हे कळत नाही, आणि तुमचा खरा प्रश्न तोच आहे.

सुरुवातीपासून पाहू, कारण पाया तिथे आहे.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. दोन वर्षांनी, डिसेंबर १९६३ मध्ये पहिली निवडणूक झाली. सभागृह ३० जणांचं होतं: २८ गोव्याचे, एक दमणचा, एक दीवचा. ज्या काँग्रेसच्या सरकारने लष्कर पाठवून गोवा मुक्त केला, त्या काँग्रेसला गोव्याच्या भूमीवर एकही जागा मिळाली नाही. त्यांची एकमेव जागा दमणची. मगोला १४, डॉ. जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्सला (युगो) १२, बाकी तीन अपक्ष. मगोचे नेते भाऊसाहेब बांदोडकर स्वतः उभे नव्हते, तरी मुख्यमंत्री झाले आणि नंतर मडकईच्या पोटनिवडणुकीतून सभागृहात आले.

हे असं का झालं, हे आमच्या घरात मला कुणी शिकवावं लागलं नाही. माझे वडील पेडण्यातले कूळ. शेत भाटकाराचं, म्हणजे जमीनदाराचं, घराखालची जागाही भाटकाराची. काँग्रेसचे उमेदवार म्हणून जे समोर आले ते त्यांना त्याच भाटकारवर्गातले वाटले. मगोचं चिन्ह सिंह, तो मात्र आपला वाटला. भाऊसाहेब स्वतः खाणमालक होते, पण ते बहुजन समाजातले होते आणि शाळा, जमीन, रस्ता या तीन गोष्टी कुळाच्या भाषेत बोलत होते. १९६४ चा कूळ कायदा आला. गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. माझी स्वतःची पाटी अशाच एका शाळेतली. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या नव्या काबिजादींत (पोर्तुगीजांनी नंतर जिंकलेल्या भागात) मगो आणि सासष्टीसारख्या जुन्या काबिजादीत युगो अशी विभागणी तेव्हा पडली. तिची रेघ आजच्या निकालांतही पुसटशी दिसते.

आता १९६७. तक्त्यात ही ओळ फार काळजीने लिहा. मगोचा जाहीरनामाच मुळी गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याचा होता. जनमत कौल घ्यायचं ठरलं. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून डिसेंबर १९६६ मध्ये भाऊसाहेबांनी राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट आली. १६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं. विलीनीकरणाला फूल, संघप्रदेश राहण्याला दोन पानं. दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. माझ्या वडिलांनी फुलावर शिक्का मारला होता आणि निकालानंतर दोन दिवस ते कुणाशी बोलले नाहीत, असं आई सांगायची.

आणि मार्चअखेर, म्हणजे अडीच महिन्यांतच, विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा त्याच मतदारांनी त्याच मगोला १६ जागा देऊन भाऊसाहेबांना परत आणलं. युगो पुन्हा १२ वरच राहिली. म्हणजे गोव्याच्या मतदाराने दोन प्रश्नांना दोन वेगळी उत्तरं दिली. महाराष्ट्रात जायचं नाही, पण राज्य भाऊसाहेबांनीच करायचं. साठ वर्षांपूर्वी, फारसं न शिकलेल्या मतदाराने हा भेद इतक्या नेमकेपणाने केला, याचा मला आजही अभिमान वाटतो. पुढे मतदाराच्या पाठीमागे जे होत गेलं ते पाहताना हा १९६७ चा मतदार डोळ्यांसमोर ठेवा.

फूट ही गोष्ट नव्वदच्या दशकात जन्मली असं समजू नका. १९७० मध्ये खुद्द भाऊसाहेबांविरुद्ध मगोच्या आमदारांचा एक गट उठला, आणि सरकार तरलं ते समोरच्या युगोतून फुटून आलेल्यांच्या आधाराने. १९७२ ला मगो १८ जागा घेऊन आली. १२ ऑगस्ट १९७३ ला भाऊसाहेब गेले आणि त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. कुळाला कसणाऱ्या जमिनीचा मालक ठरवणारी कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती १९७६ ची, ताईंच्या काळातली. भाटकाराच्या जागेत घर असणाऱ्याला संरक्षण देणारा मुंडकार कायदाही त्यांच्याच काळातला. १९७७ ला मगो १५ वर आली, काँग्रेस १०, जनता पक्ष ३. मग एप्रिल १९७९ मध्ये शंकर लाड, दिलखुश देसाई आणि दयानंद नार्वेकर हे तीन आमदार बाजूला झाले आणि सरकार पडलं.

हा तीनचा आकडा नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं उत्तर त्याच्याभोवती फिरतं. त्या वेळी पक्षांतरबंदी कायदा नव्हता. पंधरांतले तीन गेले काय किंवा एक गेला काय, कुणाची आमदारकी जात नव्हती. सरकार पाडायला जेवढे लागतील तेवढेच फुटत.

जानेवारी १९८० ची ओळ तक्त्यांमध्ये सर्रास चुकीची लिहिलेली आढळते. तीसपैकी २० जागा जिंकल्या त्या अर्स काँग्रेसने, म्हणजे इंदिरा गांधींपासून वेगळ्या झालेल्या, देवराज अर्स यांच्या काँग्रेसने. इंदिरा गांधींच्या काँग्रेसला गोव्यात एकही जागा नव्हती. पण दिल्लीत इंदिराजी परत आल्या होत्या. प्रतापसिंह राणे १६ जानेवारीला मुख्यमंत्री झाले आणि अर्स काँग्रेसचे हे आमदार इंदिरा काँग्रेसमध्ये गेले. सरकार तेच, मुख्यमंत्री तेच, पक्ष मात्र ज्याला शून्य मिळालं होतं तो. तुमच्या तक्त्यात ‘निकाल’ आणि ‘सत्ता’ हे दोन वेगळे रकाने करायला मी सांगतो आहे, त्याचं पहिलं कारण हे. आणि हे राणेही मूळचे मगोचे, १९७२ ला मगोकडूनच निवडून आलेले.

राण्यांची दहा वर्षं मी भरभर सोडतो. महत्त्व नाही म्हणून सोडत नाही. त्यात सत्ताबदल नाही म्हणून सोडतो. १९८४ ला काँग्रेस १८, मगो ८. भाषा आंदोलन, ४ फेब्रुवारी १९८७ चा राजभाषा कायदा, ३० मे १९८७ ला घटक राज्य. दमण आणि दीव वेगळे झाले आणि सभागृह ३० वरून ४० चं झालं. तक्त्यात इथे ठळक रेघ मारा. १९८९ आधीच्या आणि नंतरच्या जागांची सरळ तुलना करता येत नाही.

याच दशकात, १९८५ मध्ये, देशात पक्षांतरबंदी आली. घटनेला दहावी अनुसूची जोडली गेली. एकटादुकटा पक्ष सोडेल तर आमदारकी जाईल. मात्र विधिमंडळ पक्षातले एक तृतीयांश बाहेर पडले तर ती ‘फूट’ आणि फुटीला माफी. हा एक तृतीयांश मनात ठेवून आता तुमच्या १९९० वर या.

नोव्हेंबर १९८९ चा निकाल असा होता: काँग्रेस २०, मगो १८, अपक्ष २. वीसचा एक तृतीयांश म्हणजे सहाहून जास्त, अर्थात सात. मार्च १९९० मध्ये काँग्रेसमधून किती जण बाहेर पडले? बरोबर सात. त्यात सभापती डॉ. लुईस प्रोतो बार्बोझाही होते. त्यांनी गोवन पीपल्स पार्टी काढली आणि मगोशी मिळून पुरोगामी लोकशाही आघाडी उभी केली. मुख्यमंत्रिपद अठरा आमदारांच्या मगोला मिळालं नाही. ते सातांच्या गटाकडे गेलं. आधी चर्चिल आलेमाव, २७ मार्च ते १४ एप्रिल, अठरा दिवस. मग बार्बोझा, डिसेंबरपर्यंत. रमाकांत खलप अठरा आमदारांचे नेते असून उपमुख्यमंत्रिपदावर राहिले. तेव्हा १९९० च्या ओळीत ‘मगो’ असं लिहू नका आणि नुसतं ‘आघाडी’ असंही लिहू नका. आघाडीचं पूर्ण नाव लिहा, मुख्यमंत्र्यांचा पक्ष लिहा, मोठ्या घटकपक्षाचं संख्याबळ लिहा. अठरावर सात भारी पडले, हे वाचणाऱ्याला त्या ओळीत दिसलं पाहिजे.

मुख्यमंत्रिपदाच्या इतक्या जवळ मगो त्यानंतर कधी गेली नाही. जानेवारी १९९१ मध्ये मगोतलेच रवी नाईक गट घेऊन बाहेर पडले आणि काँग्रेसच्या पाठिंब्यावर मुख्यमंत्री झाले. फोंड्यात त्यांना ‘पात्रांव’, म्हणजे मालक, म्हणत, तुम्हाला ठाऊक असेलच. या फुटीतून अपात्रतेचे जे खटले उभे राहिले, त्यांवर सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये निकाल दिला. पक्षाचं सदस्यत्व ‘स्वेच्छेने सोडणं’ म्हणजे केवळ राजीनाम्याचा कागद देणं नव्हे, आमदाराच्या वागणुकीवरूनही तो अर्थ काढता येतो, असं त्यात म्हटलं आहे. देशभरातल्या सभापतींपुढे आणि न्यायालयांत हा गोव्याचा खटला आजही उद्धृत होतो. तुमच्या प्रबंधात त्याला एक पान द्या.

पुढचं दशक तुम्ही तारखांनिशी लिहालच, मी फक्त त्याचा वेग सांगतो. जानेवारी १९९० ते ऑक्टोबर २००० या काळात मुख्यमंत्र्याच्या खुर्चीवर तेरा वेळा कुणी ना कुणी नव्याने बसलं, आणि माणसं होती आठ: राणे, चर्चिल, बार्बोझा, रवी नाईक, विली डिसोझा, लुईझिन फालेरो, फ्रान्सिस सार्दिन आणि मनोहर पर्रीकर. एप्रिल १९९४ मध्ये राज्यपाल भानू प्रकाश सिंग यांनी डिसोझांना काढून रवी नाईकांना बसवलं ते सहा दिवसांसाठी. राज्यपालच गेले आणि डिसोझा परत आले. त्या आठवड्यात आम्ही रोज सकाळी सचिवालयाच्या पायऱ्या चढताना दारावरच्या शिपायाला आधी विचारायचो, आज साहेब कोण?

नव्वदच्या या फुटींमध्ये नावांची गफलत होते, तिथे सावध राहा. गोवा काँग्रेस, गोवा राजीव काँग्रेस आणि गोवा पीपल्स काँग्रेस हे तीन वेगळे पक्ष. पहिला ऐंशीच्या दशकातला. दुसरा १९९८ चा, डिसोझा राण्यांचं सरकार पाडून बाहेर पडले तेव्हाचा. तिसरा सार्दिन यांचा, नोव्हेंबर १९९९ चा. त्या वर्षी जूनमध्ये मतदारांनी काँग्रेसला चाळीसपैकी २१ जागा दिल्या होत्या. स्पष्ट बहुमत, तरी फालेरोंचं सरकार सहा महिनेही टिकलं नाही. सार्दिन भाजपच्या पाठिंब्यावर आले, आणि ऑक्टोबर २००० मध्ये ते ऑस्ट्रेलियात असताना भाजपने पाठिंबा काढला. २४ ऑक्टोबरला पर्रीकर मुख्यमंत्री झाले. म्हणजे भाजपची गोव्यातली पहिली सत्ता १९९९ च्या निकालात नव्हती. त्या निकालात भाजपला दहाच जागा होत्या. १९९४ ला मगोशी युती करून चार जागांनी सुरुवात केलेला पक्ष सहा वर्षांत मुख्यमंत्रिपदापर्यंत पोचला, आणि ज्या मगोच्या खांद्यावर हात ठेवून तो आला तिची मतपेढी त्याच्याकडे सरकत गेली. पेडण्या-डिचोलीतली घरं मी ओळखतो. वडील सिंहाचे, मुलगा कमळाचा. यात फसवणूक नाही. मगोकडे बहुजनांना देण्यासारखं नवं काही उरलं नव्हतं आणि भाजपकडे पर्रीकरांसारखा अभ्यासू, कष्टाळू नेता होता. पण माझ्या वडिलांच्या पिढीचा पक्ष असा विरघळत जाताना पाहणं मला सोपं गेलं नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाची किल्ली. २००३ मध्ये घटनेत ९१ वी दुरुस्ती झाली. एक तृतीयांश फुटीची माफी रद्द झाली. उरली ती फक्त विलीनीकरणाची वाट, आणि तिला विधिमंडळ पक्षातले दोन तृतीयांश लागतात. त्याच दुरुस्तीने मंत्र्यांची संख्या बांधली. गोव्यात मुख्यमंत्री धरून जास्तीत जास्त बारा.

या बदलाचा परिणाम जानेवारी २००५ मध्ये लगेच दिसला. २००२ ला भाजप १७ जागांसह सर्वांत मोठा पक्ष होता. जुन्या नियमाने सहा जणांचा गट फुटला असता तर भागलं असतं. नव्या नियमाने बारा लागत होते. बारा कुठून येणार? म्हणून दिगंबर कामत, पांडुरंग मडकईकर, बाबूश मोन्सेरात आणि इझिदोर फर्नांडिस या चौघांनी सरळ आमदारकीचेच राजीनामे दिले. सरकार अल्पमतात आलं. २ फेब्रुवारीला सभागृहात सभापती विश्वास सतरकर यांनी एका अपक्ष आमदाराला बाहेर काढायला लावलं, पर्रीकरांनी विश्वासमत मिळवल्याचं जाहीर झालं, आणि त्याच दिवशी राज्यपाल एस. सी. जमीर यांनी सरकार बरखास्त करून राण्यांना शपथ दिली. एक महिन्याने राष्ट्रपती राजवट आली, पोटनिवडणुका झाल्या आणि ७ जूनला पुन्हा राणे. आमदारकी सोडा, दुसऱ्या चिन्हावर पोटनिवडणूक लढवा आणि परत या, ही पद्धत गोव्यात तेव्हापासून रुळली. तिच्यात एक बरी गोष्ट आहे: निदान मतदाराला पुन्हा विचारलं जातं.

२००७ ला काँग्रेस १६, भाजप १४. दोन वर्षांपूर्वी भाजप सोडून आलेले कामत काँग्रेसचे मुख्यमंत्री झाले आणि पाच वर्षं पूर्ण करून गेले. २०१२ ला भाजपने मगोशी युती केली, कॅथलिक उमेदवार उभे केले आणि स्वबळावर २१ जागा आणल्या. नोव्हेंबर २०१४ मध्ये पर्रीकर संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि लक्ष्मीकांत पार्सेकर आले. इंग्रजी शाळांच्या अनुदानावरून संघाचे सुभाष वेलिंगकर बाहेर पडले आणि त्यांनी गोवा सुरक्षा मंच काढला. मातृभाषेतल्या शाळांचा हा प्रश्न आपल्या वाचकांच्या जिव्हाळ्याचा आहे, पण त्याने २०१७ ला जागा फारशा हलल्या असं मला दिसत नाही. पार्सेकर मात्र मांद्र्यात हरले.

फेब्रुवारी २०१७ च्या मतदानाचा, ११ मार्चला लागलेला निकाल: काँग्रेस १७, भाजप १३, मगो ३, गोवा फॉरवर्ड ३, राष्ट्रवादी १, अपक्ष ३. काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष, पण नेता कोण हेच त्यांचं ठरत नव्हतं. तोवर मगो, फॉरवर्ड आणि अपक्षांनी ‘पर्रीकर परत येत असतील तर’ या अटीवर भाजपला पाठिंबा दिला. १६ मार्चला विश्वासमत झालं, २२ विरुद्ध १६. भाजपविरोधात प्रचार करून आलेल्या फॉरवर्डचे तिघेही मंत्री झाले.

आता जुलै २०१९ ची बेरीज तुम्ही स्वतः करून पाहा. काँग्रेसच्या १७ पैकी विश्वजित राणे विश्वासमताच्याच दिवशी गेले, १६ राहिले. ऑक्टोबर २०१८ मध्ये सुभाष शिरोडकर आणि दयानंद सोपटे राजीनामा देऊन गेले, १४ राहिले. १७ मार्च २०१९ ला पर्रीकर गेले, आणि त्यांची पणजी काँग्रेसने पोटनिवडणुकीत जिंकली, म्हणजे १५. पंधराचे दोन तृतीयांश किती? दहा. १० जुलै २०१९ ला विरोधी पक्षनेते बाबू कवळेकर यांच्यासह भाजपमध्ये किती गेले? दहा. त्याआधी मार्चअखेरीस एका रात्रीत मगोच्या तिघांपैकी दोघे गेले होते. तिनाचे दोन तृतीयांश दोन. आणि १४ सप्टेंबर २०२२ ला काँग्रेसच्या अकरांपैकी आठ गेले. अकराचे दोन तृतीयांश सात पूर्णांक एक तृतीयांश, म्हणून आठ. १९९० चे सात आणि २०१९ चे दहा, दोन्ही आकडे कायद्याच्या पुस्तकातून आले आहेत. किती आमदारांची मनं बदलली, हे कायद्याने किती मागितले त्यावर ठरलं.

यातली जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती तक्त्यात दिसत नाही, म्हणून वेगळी सांगतो. एक तृतीयांशाच्या काळात छोटा गट फुटून सरकार पाडायचा. नव्वदची अस्थिरता त्यातून आली. उंबरठा दोन तृतीयांशांवर नेल्यावर छोट्या गटाला सरकार पाडणं कठीण झालं, पण सत्तेबाहेरचा अख्खा पक्ष उचलून सत्तेत आणणं कायदेशीर राहिलं. प्रवाहाची दिशाच बदलली. आधी लोक सत्तेतून बाहेर फुटत, आता विरोधातून सत्तेत जातात. म्हणून २०१९ ला सरकार पडलं नाही, उलट फुगलं, आणि तीनच दिवसांत फॉरवर्डच्या तिन्ही मंत्र्यांना घरी जावं लागलं, कारण त्यांची गरज संपली होती. बाराच मंत्री करता येत असल्याने नव्यांना जागा हवी होती. स्थैर्य आलं हे खरं. त्याची किंमत विरोधी बाकांनी दिली. मला विचाराल तर नव्वदच्या गोंधळापेक्षा हे नुकसान मोठं आहे, कारण गोंधळातही सरकारला प्रश्न विचारणारं कुणीतरी समोर असायचं.

२०१९ च्या या विलीनीकरणांविरुद्धच्या अपात्रतेच्या याचिका सभापतींनी फेटाळल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानेही सभापतींचा निर्णय उचलून धरला. त्याच काळात काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या खुरसाजवळ (क्रॉसजवळ) आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ दिली होती. तिथे हात जोडलेल्यांपैकी आठ जण आठ महिन्यांच्या आत भाजपमध्ये गेले. महालक्ष्मीच्या देवळात माझीही श्रद्धा आहे. ते दृश्य आठवलं की मला राग कमी आणि दुःख जास्त होतं.

हे गोव्यातच इतकं का होतं, असंही तुम्ही विचारलं आहे. मतदारसंघ लहान, एकेकात पंचवीस-तीस हजार मतदार. आमदार घराघरात ओळखीचा असतो. लग्नाला येतो, इस्पितळात खाट मिळवून देतो, मुलाच्या नोकरीसाठी शब्द टाकतो. मत पुष्कळदा माणसाला पडतं, चिन्हाला कमी. त्यामुळे चिन्ह बदललं तरी तो पुन्हा निवडून येईल असा त्याला भरवसा असतो. आणि कामं करायची तर सत्तेत असलं पाहिजे, ही अपेक्षा मतदारच त्याच्याकडून धरतो. चाळीसच्या सभागृहात तीन-चार जणांवर सरकार ठरतं, तेव्हा प्रत्येकाचं वजन वाढतं. पक्षाला दोष द्यायचा तर कोणत्या एकाला देणार? हे सगळ्यांनीच केलं आहे, ज्याला ज्या काळात जमलं त्याने.

एक शब्द मात्र मला टोचतो. आमच्या घरी ‘विलीनीकरण’ म्हणजे १९६७. त्या शब्दासाठी माणसं उन्हात रांगेत उभी राहिली, भाऊ भावाविरुद्ध गेला, आणि कौल लागल्यावर हरलेल्यांनी तो मानला. आज त्याच शब्दाचा अर्थ एका संध्याकाळी सभापतींकडे नेऊन दिलेला कागद असा झाला आहे.

तर तक्ता असा करा. प्रत्येक ओळीत निकालाची तारीख आणि जागा, शपथेची तारीख, मुख्यमंत्री, निवडून आले तेव्हाचा त्यांचा पक्ष, शपथ घेताना असलेला पक्ष. शेवटच्या रकान्यात सत्ता कोणत्या वाटेने बदलली ते: निकालाने, फुटीने, राजीनामा-पोटनिवडणुकीने, विलीनीकरणाने की राज्यपालांच्या आदेशाने. २०२२ ची ओळ नमुना म्हणून घ्या. निकाल: भाजप २०, काँग्रेस ११, मगो २, आप २, फॉरवर्ड १, आरजी (रिव्होल्युशनरी गोवन्स) १, अपक्ष ३. २८ मार्चला डॉ. प्रमोद सावंत यांचा शपथविधी. त्यानंतर खाली अर्धी ओळ: १४ सप्टेंबर, आठ आमदारांचं विलीनीकरण, भाजप २८, मगो आणि अपक्ष धरून सत्ताधारी बाजू ३३, विरोधात सात, त्यांतले काँग्रेसचे तीन.

मुळातून वाचायचं असेल तर पणजीच्या पाटो भागातल्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जा आणि जानेवारी १९६७ चे ‘गोमन्तक’ आणि ‘राष्ट्रमत’ शेजारी शेजारी ठेवा. एक विलीनीकरणाचा, दुसरा विरोधातला, आणि दोन्ही मराठीत. तीन-चार दिवसांचे अंक वाचून झाले की मगच १९९० कडे या.